सतरंज्या कोण उचलतं, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर शहरातली पाचवी ते दहावीची मराठी माध्यमाची मुलींची प्रशाला. पट साधारण 800, तुकड्या 18. मुख्याध्यापिकाबाई नव्यानं रुजू झाल्यात. संस्थेची जुनी मंडळी म्हणतात, भोंडला, हळदीकुंकू, शारदोत्सव, दोन वेण्या ही शाळेची ओळख आहे, हात लावू नका. तरुण शिक्षिका म्हणतात, हे सगळं बंद करा. आणि मुलींची वेगळी शाळा तरी आता कशाला हवी? त्यातच संस्थेनं शाळेचं ‘शैक्षणिक तत्त्वज्ञान’ दोन पानांत लिहून मागितलंय. काय लिहू, काय ठेवू आणि काय काढू, असं बाई विचारतात.

बाई, दोन पानं सगळ्यात शेवटी लिहा. आधी शाळेतला पुढचा कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास मैदानात थांबून बघा. सतरंज्या कोण गुंडाळतं? माइकची वायर कोण सोडवतं? बाक वर्गात कोण परत नेतं? पाण्याची मोटर कोण बंद करतं? उत्तर ‘शिपाईमामा आणि दोन सर’ असं आलं, तर शाळा मुलींची आहे एवढंच. मुलींसाठी ती अजून झालेली नाही.

मिश्र शाळेत बाक उचलायचा म्हटलं की मुलगे धावतात आणि मुली रांगोळीकडे वळतात. कोणाला सांगावं लागत नाही, आपोआप होतं. मुलींच्या शाळेत ही वाटणी करायला दुसरं कोणी नसतंच. घंटा, ध्वज, फ्यूज, कप्तानपद, भांडण मिटवणं, सगळं मुलीच्याच अंगावर पडतं. वेगळ्या शाळेचा खरा फायदा हा, आणि तो मोठा आहे. वेगळ्या शाळेनं गुण आपोआप वाढतात यावर फार भिस्त ठेवू नका; घरची परिस्थिती आणि मुळात कोणत्या मुली प्रवेश घेतात, हे हिशेबात धरलं की फरक फारसा उरत नाही. म्हणून प्रत्येक परंपरेला एकच कसोटी लावा: यात मुलगी स्वतःच्या हातानं, आवाजानं किंवा निर्णयानं काय करते? काहीच करत नसेल, तर ती परंपरा शंभर वर्षांची असली तरी नुसती सजावट आहे.

जुन्या मंडळींशी बोलताना ‘परंपरा’ या शब्दाला घाबरू नका. मुलींच्या शिक्षणाची आपल्याकडची परंपरा एकसुरी कधीच नव्हती. 1848 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली ती शिकण्याच्या हक्कासाठी. 1884 ला हुजूरपागा सुरू झाली तेव्हा मुलींना मुलांसारखंच शिकवायचं का, यावर जुंपली. ‘केसरी’नं त्या अभ्यासक्रमावर झोड उठवली. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 चं, विधवांना आसरा आणि शिक्षण एकत्र देणारं. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं 1909 मध्ये पुण्यात उभं राहिलेलं सेवासदन हाताला काम देणारं: शिवण, शुश्रूषा, अध्यापन. सेवासदनचं नाव सोलापूरकरांना नवीन नाही. कर्व्यांनी 1916 ला महिला विद्यापीठ काढलं, त्यात मातृभाषेचं माध्यम आणि गृहशास्त्र सक्तीचं. हक्क, समान अभ्यासक्रम, आसरा, स्वावलंबन, संसार अशा पाच वेगवेगळ्या भूमिका झाल्या. ‘आपली परंपरा’ म्हणणाऱ्यांना आदरानं विचारा, यातली कोणती? बहुतेक वेळा मनात असतो तो कर्व्यांचा गृहशास्त्राचा भाग, तोही मातृभाषेचा आग्रह वगळून.

आता रोजच्या गोष्टी. परिपाठ घ्या. मुलींच्या शाळेतला नेहमीचा रोग म्हणजे गोड गळ्याच्या आणि स्वच्छ उच्चारांच्या सहा मुली वर्षभर माइकवर, बाकीच्या 794 रांगेत. उपाय गणिताचा आहे. 18 तुकड्या, वर्षात कामाचे साधारण 36 आठवडे, म्हणजे प्रत्येक तुकडीला वर्षात दोन आठवडे. दिवसाला 8 कामं धरा: सूचना देणं, प्रतिज्ञा, संविधानाची प्रस्तावना, सुविचार, बातम्या, दिनविशेष, प्रश्न विचारणं आणि माइक सांभाळणं. 6 दिवस गुणिले 8 म्हणजे 48. तुकडीत 44-45 मुली. हजेरी क्रमांकानं लावलं तर प्रत्येक मुलगी वर्षात दोनदा माइकसमोर येते आणि सहा वर्षांत बारा वेळा. कोणाला निवडायचं नाही आणि कोणाला वगळायचंही नाही. पहिल्या दोन महिन्यांत परिपाठ अडखळेल, संस्थेचे कोणी पाहुणे आले तर नाक मुरडतील, तेवढं सोसा. एकच पथ्य पाळा: माइकवर कोणाचीही भाषा दुरुस्त करायची नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलगी ‘तो शाळा’ म्हणते, सोलापुरी ‘करायलेय, यायलेय’ तोंडात असतं. आठशे जणींसमोर एकदा हसू झालं की ती दहावीपर्यंत परत माइकजवळ येत नाही. चूक नंतर वर्गात सांगा, आणि ‘करायलेय’ ही चूक नाहीच, ती इथली बोली आहे. लेखी मराठीत काय येतं एवढंच सांगायचं.

भोंडला बंद करू नका. त्यातल्या सासर-माहेरच्या गाण्यांवर तरुण बाईंचा आक्षेप असतो, पण ती गाणी म्हणजे सासूपुढे तोंड उघडता न येणाऱ्या बायकांनी फेर धरून केलेली तक्रार आहे. नववीच्या मुलींना हे समजावून सांगितलं तर त्यांना छान कळतं, आणि नवी कडवीही त्या रचतात. बिघडतं ते दुसरीकडे. भोंडल्याचा ‘कार्यक्रम’ होतो. मंच, प्रमुख पाहुण्या, स्पीकरवर गाणी, उत्कृष्ट वेशभूषेला बक्षीस; वीस जणी फेर धरतात आणि बाकीच्या उन्हात बसून बघतात. मूळ खेळाला लागतो पाट, त्यावर काढलेला हत्ती आणि मोकळी जागा. मैदानात एका वेळी 40-40 मुलींचे दहा फेर सहज बसतात. दोन पाळ्यांत शाळा उरकते. स्पीकर नकोच, गाणं तोंडानं म्हटलं तरच पाठ होतं. खिरापत प्रत्येक फेराची वेगळी, डबा झाकलेला, आणि ओळखणाऱ्यांनी खरंच ओळखायची. फुटाणे, वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर असलं स्वस्तातलं ठेवा, म्हणजे वर्गणी लागत नाही.

सोलापुरात याला एक जोड आहे, ती पुण्या-नाशिकच्या शाळांना सहज मिळणार नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याच दिवसांत बतकम्मा असते, सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत. तीही फुलांभोवती फेर धरून, टाळ्या वाजवत. नवरात्रातली एकच दुपार धरा: आधी भोंडला, मग बतकम्मा, आणि बतकम्मा तेलुगू मुलींनीच बाकीच्यांना शिकवायची. मोठं ताट किंवा परात, खाली भोपळ्याचं पान. त्यावर फुलांचे थर, देठ आत आणि फूल बाहेर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर आत. मूळ तेलंगणातली तंगेडु म्हणजे आपला तरवड आणि गुनुगु म्हणजे कुरडू. दोन्ही आपल्याकडच्या माळावर उगवतात, झेंडू-शेवंती बाजारातून आणता येते. वर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौर. दोन चुका हमखास होतात. मधली पोकळी पानांच्या आणि देठांच्या तुकड्यांनी दाबून भरली नाही की चौथ्या-पाचव्या थराला सगळं आत बसतं. आणि फुलं ओली असली की थर घसरतात, म्हणून फुलं सकाळी आणून कापडावर सुकत टाकायची. आता बघा काय होतं: मराठीच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुलगी इथे हात धरून ‘असं नाही, देठ आत’ म्हणून सांगते. वर्गातली उतरंड एका दुपारीपुरती उलटी होते. ती पूर्ववत होणारच, पण अगदी जशीच्या तशी नाही.

सहभाग ऐच्छिक ठेवा. पाटावरच्या हत्तीला किंवा गौरम्माला नमस्कार करायची सक्ती कोणावरच नको, मग मुस्लिम आणि ख्रिश्चन मुलीही फेरात येतात. शारदोत्सवाच्या आधी एक वाक्य स्पष्ट बोलून टाका: पाळी आहे म्हणून शाळेत कोणीही कशाला हात लावू नये असं नाही. हे वाक्य सूचनाफलकावर नको, मुख्याध्यापिकेच्या तोंडून परिपाठात हवं. न बोललेला नियम मुली घरून घेऊन येतात आणि एकमेकींवर लादतात.

हळदीकुंकू मात्र आहे त्या रूपात ठेवता येणार नाही. जानेवारीत आयांना बोलावायचं, दारात कुंकू लावायचं, म्हणजे जिचा नवरा गेलाय ती आई दारातच थबकते आणि तिची मुलगी ते बघते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. शाळेनं त्याच्या मागे राहायचं कारण नाही. तिळगूळ समारंभ म्हणा, घरातली जी बाई येईल ती या असं लिहा, आई, आजी, मावशी कोणीही. वाण द्यायचंच असेल तर वही किंवा रोप. वेळही तपासा. विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, आणि कारखान्यात माल द्यायची वेळ ठरलेली. कामाच्या दिवशी सकाळी अकराला बोलावलंत तर बोलावणं घरात मोकळ्या असणाऱ्या आयांपुरतंच ठरतं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ठेवा. त्याच विड्यांमुळे घरी मुलींचे हातही पानं कापण्यात आणि तोंडं दुमडण्यात गुंततात, म्हणून गृहपाठ अर्ध्या तासापुरताच द्या, हे जाता जाता.

जानेवारीचा पहिला पंधरवडा आपल्याकडे दाटीचा. 3 तारखेला सावित्रीबाई जयंती, 12 ला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती, आणि त्याच 12 ला सोलापूरचा हुतात्मा दिन. पाठोपाठ सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, बंद रस्ते. तीन भाषणं आणि तीन फोटोपूजनं करण्यापेक्षा 12 तारीख सोलापूरला द्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघं फासावर गेले. ही चार नावं उच्चारली तरी शहर म्हणजे काय ते मुलींना कळतं.

दोन वेण्या आणि रिबिनीवर फार वेळ घालवू नका. प्रयोगशाळेत आणि मैदानावर केस बांधलेले हवेत, एवढा नियम पुरे. ओढणीऐवजी कोटी (बिनबाह्यांचं जाकीट) केलीत तर खो-खोत धावताना पिना टोचत नाहीत.

आता जे कोणी तत्त्वज्ञानात धरत नाही ते. मुलींच्या शाळेची भूमिका तिच्या स्वच्छतागृहात वाचता येते. ठरलेलं प्रमाण साधारण 40 मुलींमागे एक शौचालय, म्हणजे तुम्हाला 20 हवीत. समजा तेवढी आहेत. 20 मिनिटांची मोठी सुट्टी, एकीला अडीच मिनिटं धरली तर 20 जागांवर 160 मुली होतात. जाणाऱ्या असतात त्याच्या दुप्पट-तिप्पट. उरलेल्या काय करतात? पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात सकाळपासून पाणी न प्यायलेली मुलगी चौथ्या तासाला डोकं धरून बसते, आणि लघवीची जळजळ ती कोणाला सांगत नाही. म्हणून सुट्टी पाचवी-सहावी, सातवी-आठवी, नववी-दहावी अशी तीन टप्प्यांत करा. प्रत्येक वर्गाच्या दाराशी खिळ्याला दोन लाकडी चकत्या टांगा. चकती घेऊन न विचारता जायचं, आणून परत टांगायची. ‘बाई, जाऊ का’ हा प्रश्नच काढून टाका. नळाला रोज पाणी नाही हे गृहीत धरून स्वच्छतागृहाची टाकी पिण्याच्या टाकीपासून वेगळी ठेवा, नाहीतर टंचाईच्या दिवशी पहिलं कुलूप तिथेच लागतं.

सॅनिटरी पॅड मुख्याध्यापिकेच्या कपाटात कुलूपबंद असतील तर ते नसल्यासारखेच. मुलीला आधी वर्गशिक्षिका, मग शिपाई, मग तुम्ही, असं तिघांना सांगावं लागतं. उघडा डबा स्वच्छतागृहाबाहेरच्या खोलीत ठेवा, भरायचं काम नववीच्या दोघींकडे द्या. सुरुवातीला डबा दोन दिवसांत रिकामा होईल, काही घरी नेतील. नेऊ द्या. महिनाभरानं खप स्थिरावतो. जाळण्याचं यंत्र असेल तर एका वेळी किती पॅड टाकायचे ते त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. जास्त कोंबले की नुसता धूर होतो आणि यंत्र कायमचं बंद पडून शोभेला राहतं. पायानं उघडणारी झाकणाची बादली प्रत्येक खोलीत हवीच.

लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळते, बहुतेक ठिकाणी सोमवारी. इथेच घोटाळा आहे. सोमवार महादेवाचा, कितीतरी मुली उपाशी असतात. रिकाम्या पोटी गोळीनं मळमळतं, आणि पुढच्या वेळी गोळी जिभेखालून थेट कंपासपेटीत जाते. वार बदला, बुधवार करा. आठवीपर्यंत पोषण आहार आहे, त्याच्यानंतर लगेच द्या. नववी-दहावीला तो नाही, तेव्हा डबा खाल्ल्याशिवाय द्यायची नाही. चहा आणि गोळीत तासाभराचं अंतर, सोबत लिंबू किंवा आवळा चालेल. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून सोडतात. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. शिबिरात मोजलेला आकडा घरी चिठ्ठीनं पाठवा, वर्गात वाचून दाखवू नका.

वर्गातली एक परंपरा सगळ्यांना आवडते, म्हणून ती धोक्याची: सुंदर वही. मुलींच्या शाळेत अक्षराला, समासाला, खाडाखोड नसण्याला गुण मिळतात. परिणाम असा की गणितात उत्तर येईल याची खात्री नसेल तर मुलगी पेनच टेकवत नाही. फळ्यावरचं उतरवून घेते. गणिताला कच्ची वही वेगळी करा, तीत खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. तपासताना खोडलेली ओळ आधी वाचा, गुण प्रयत्नाच्या पायऱ्यांना द्या. विज्ञानातही तेच: बाईंनी करून दाखवलेला प्रयोग हा प्रयोग नव्हे. दोघींत एक विद्युत मंडल, आणि दिवा लागला नाही तर कुठे तुटलंय ते त्यांनीच शोधायचं.

गृहशास्त्राचा तास असेल तर तो मोडू नका, आशय बदला. भरतकामाच्या जोडीला सायकलचं पंक्चर काढणं घ्या. काही ठिकाणी मुलींना योजनेतून सायकली मिळतात आणि पहिल्या पंक्चरनंतर अनेक सायकली भिंतीला टेकून राहतात, कारण दुकानात नेणारा भाऊ किंवा वडील मोकळे नसतात. साहित्य: दोन टायर लिव्हर, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब, पॅच, पंप आणि पाण्याची परात. व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं टायरची कड लिव्हरनं उचलायची, ट्यूब बाहेर काढायची. थोडी हवा भरून पाण्यात फिरवली की बुडबुडे दिसतात. तिथे पेननं खूण. ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा थोडा मोठा भाग खरवडायचा. सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं, तीन ते पाच मिनिटं, बोट लावल्यावर ओलं लागेनासं होईपर्यंत. मुली नेमक्या इथे घाई करतात, ओल्यावरच पॅच दाबतात आणि तो संध्याकाळी सुटतो. दुसरी चूक त्याहून नेहमीची: टायरच्या आतून बोटं फिरवून बाभळीचा काटा काढायचा राहतो, नवं पंक्चर घराच्या आधीच होतं. ट्यूब परत बसवताना शेवटची कड हातानंच दाबायची. लिव्हर वापरला तर ट्यूब चिमटते. चार मुलींत एक संच, 40 मिनिटांच्या दोन तासिकांत सगळी तुकडी होते. नंतर हे काम आठवीचं म्हणून ठरवून टाका, दरवर्षी आठवीनं सातवीला शिकवायचं. परंपरा अशीही सुरू करता येते.

दहावीचा निरोप समारंभ ही शाळेची सगळ्यात लाडकी परंपरा, आणि सगळ्यात निष्काळजी. भाड्याची साडी, मेकअप, फोटो. ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्या त्या दिवशी ‘आजारी’ पडतात. आणि साडीतला फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवर गेला की ‘मुलगी मोठी झाली’ हे वाक्य सुरू होतं. काही घरांत मे महिन्याच्या सुट्टीतच पाहुणे येतात. निरोप गणवेशातच द्या. मुली रुसतील, त्यांना कारण उघड सांगा. कायद्यानं 18 पूर्ण झाल्याशिवाय लग्न नाही, 1098 हा मदतीचा क्रमांक, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि 2022 पासून शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, हे सहामाहीच्या आतच माहीत झालेलं असू द्या. समिती कागदावर असेल तर तिच्या बैठकीचा वार ठरवा.

समारंभात मात्र प्रत्येकीनं एक कागद भरायचा. पुढे काय, अकरावी, आयटीआय की डिप्लोमा, कोणतं कॉलेज, जायचं कशानं. कुंभारी, मोहोळ, अक्कलकोटकडून येणाऱ्या मुलींच्या पालकांना सांगा, अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत चालतो. दहावीबरोबर तो संपतो अशी समजूत असते आणि शिक्षण तिथेच थांबतं. हे कागद एका मोठ्या तक्त्यावर उतरवा, नाव, ठरवलेलं, झालेलं असे तीन रकाने करून. निकालानंतर पंधरा दिवसांत वर्गशिक्षिकेनं प्रत्येकीला फोन करायचा आणि तिसरा रकाना भरायचा. फोन लागत नसेल तर मैत्रिणीला विचारायचं, तिला नेहमीच माहीत असतं. रकाना रिकामा राहिला तर दोघी बाईंनी घरी जायचं, एकटीनं नाही, आणि हातात प्रवेश अर्ज घेऊन. तक्ता मुख्याध्यापिकेच्या खोलीत सप्टेंबरअखेरपर्यंत लावून ठेवा. तो भरला की मग त्याच्यासमोर बसून संस्थेची ती दोन पानं लिहा.